झोपेतील श्वासरोध : शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा?

घोरणे हा घराघरांतील थट्टेचा विषय आहे. लग्नघरी, एस. टी.च्या रात्रीच्या प्रवासात किंवा प्रशिक्षण शिबिराच्या निवासात एखादे गृहस्थ मोठ्याने घोरू लागले, की इतरांची झोप उडते आणि सकाळी ‘काय गाढ झोप लागली होती!’ असे त्यांना ऐकवले जाते. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या नेमकी उलट असते. घोरता घोरता आवाज एकाएकी थांबतो, काही क्षण शांतता पसरते आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन घोरणे पुन्हा सुरू होते. अशा माणसाची झोप गाढ नसते; एका रात्रीत ती शेकडो वेळा मोडत असते. त्याला स्वतःला त्याची जाणीवही नसते. जाणवते ते एवढेच, की सकाळी डोके जड वाटते, दुपारी कचेरीत फाइल वाचताना डोळे मिटतात आणि अलीकडे चिडचीड वाढली आहे.

या विकाराला झोपेतील श्वासरोध म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘स्लीप ॲप्निया’ या नावाने येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, त्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी या विकाराचा उल्लेख केला आणि हे नाव सामान्य वाचकापर्यंत पोहोचले. विकार मात्र दुर्मीळ नाही. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वसनाचा बिघाड आढळला. त्याच्या जोडीला दिवसा पेंग येणे असलेल्यांचे प्रमाण ७.५ टक्के होते. भारतातील अनेक पाहण्यांचा एकत्र विचार करून २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार काम करण्याच्या वयातील सुमारे दहा कोटी भारतीयांना हा विकार असावा.

निदान झाले, की रुग्ण व त्याच्या कुटुंबापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. रोज रात्री तोंडावर मुखवटा बांधून झोपण्याऐवजी एकदाची शस्त्रक्रिया करून मोकळे होता येणार नाही काय? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. कोणाला शस्त्रक्रियेने खरोखर लाभ होतो, तर कोणाला वेदना, खर्च आणि निराशा यांखेरीज काही मिळत नाही. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेतल्यावाचून निर्णय घेणे योग्य नव्हे.

श्वास अडतो कोठे?

नाकापासून स्वरयंत्रापर्यंतचा श्वासमार्ग ही काही लोखंडी नळी नव्हे. टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ, टॉन्सिल, जिभेचे मूळ आणि घशाच्या बाजूच्या भिंती यांनी तो वेढलेला असतो. जागेपणी स्नायू हा मार्ग ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. मार्ग मुळातच अरुंद असेल, तर सैल पडलेले भाग एकमेकांना चिकटतात आणि हवा अडते. छाती व पोट श्वासासाठी धडपडत राहतात, रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि स्नायू पुन्हा आवळले जाऊन मार्ग खुला होतो. झोप लागताच हेच चक्र पुन्हा सुरू होते.

मार्ग अरुंद असण्याची कारणे निरनिराळी असतात. एखाद्याचे टॉन्सिल मोठे असतात, एखाद्याचा खालचा जबडा आखूड व मागे सरलेला असतो, तर एखाद्याच्या मानेभोवती आणि जिभेत चरबी साठलेली असते. कित्येकांच्या बाबतीत एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी अडथळा असतो. शस्त्रक्रियेचे यशापयश येथेच ठरते, कारण शस्त्रक्रिया अडथळ्याच्या एका विशिष्ट जागेवर होत असते. अडथळा जिभेच्या मुळाशी असताना टाळू कापला, तर श्वास पूर्वीसारखाच अडत राहणार, हे उघड आहे.

प्रथम मोजमाप

घोरण्याच्या आवाजावरून विकाराची तीव्रता ठरवता येत नाही. त्यासाठी झोपेची तपासणी करावी लागते. रुग्णालयात एक रात्र झोपवून किंवा सुटसुटीत उपकरण घरी देऊन श्वास, प्राणवायूचे प्रमाण, नाडी इत्यादींची नोंद घेतली जाते. निदान दहा सेकंद श्वास थांबला, तर तो एक श्वासरोध मानतात. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला वा लक्षणीय प्रमाणात उथळ झाला, त्या संख्येला या लेखात ‘श्वासरोधांक’ म्हटले आहे. तपासणीच्या अहवालात तो ‘ए. एच. आय.’ म्हणून दिलेला असतो. प्रौढांमध्ये ५ ते १५ हा अंक सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र विकार दर्शवतो.

हा अंक हाती नसताना शस्त्रक्रियेचा विचारही करू नये. उपचारापूर्वीचा अंक ठाऊक नसेल, तर नंतर सुधारणा झाली की नाही, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

उपचारांचा थोडा इतिहास

या विकारावरचा पहिला खात्रीचा उपचार शस्त्रक्रियाच होता, पण ती अत्यंत कठोर होती. १९६९ साली जर्मनीतील डॉक्टरांनी एका रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत कायमची नळी बसवली. अडथळ्याच्या खालूनच श्वास सुरू झाल्यामुळे उपचार यशस्वी झाला. परंतु आयुष्यभर गळ्यात नळी वागवणे कोणाला आवडणार?

पुढे १९८१ साली एकाच वर्षी दोन नवे मार्ग पुढे आले. अमेरिकेत डॉ. शिरो फुजिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉन्सिल, पडजीभ व मऊ टाळूचा काही भाग काढून घसा रुंद करण्याची शस्त्रक्रिया या विकारासाठी प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे किंचित दाबाखाली हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र पाच रुग्णांवर वापरल्याचा वृत्तांत दिला. हेच ‘सीपॅप’ यंत्र होय. चाळीस वर्षांहून अधिक काळाच्या अनुभवानंतर प्रौढांतील मध्यम व तीव्र विकारावर सीपॅप हाच पहिला उपचार मानला जातो. अडथळा घशात कोठेही असो, हवेचा दाब तो सर्वत्र दूर करतो, हे त्याचे मोठे बलस्थान आहे.

यंत्र घेणे आणि यंत्र वापरणे

परंतु यंत्र कपाटात ठेवून कोणी बरा होत नाही. निदान ७० टक्के रात्री किमान चार तास ते वापरले, तर वापर समाधानकारक मानण्याची प्रथा आहे, आणि तेवढेही अनेकांना जमत नाही. मुखवटा टोचतो, नाक कोरडे पडते, हवा बाजूने निसटते. खेड्यापाड्यांत रात्री वीज खंडित झाली, की यंत्र बंद पडते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि भारतासह अनेक देशांतील २,७१७ रुग्णांचा समावेश असलेल्या एका मोठ्या चाचणीत यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच भरला. त्या चाचणीत हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण यंत्रामुळे घटल्याचे दिसले नाही. मात्र दिवसाची पेंग कमी झाली आणि दैनंदिन जीवन सुधारले.

म्हणून ‘मला यंत्र सोसत नाही’ असे रुग्ण म्हणतो, तेव्हा त्याने ते कसे वापरले, हे आधी पाहावे. मुखवट्याचा आकार बदलणे, हवेत ओलावा मिसळणारे साधन जोडणे, दाब पुन्हा ठरवणे, नाकातील सूज वा वाकलेला पडदा यांवर उपचार करणे, विजेसाठी बॅटरीची सोय करणे, या उपायांनी अनेकांची अडचण सुटते. नाकाची शस्त्रक्रिया एकट्याने श्वासरोध सहसा बरा करीत नाही. परंतु बंद नाक मोकळे झाल्याने यंत्र सुसह्य होते, हा तिचा खरा उपयोग आहे.

सौम्य व मध्यम विकारात दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारे साधन करून घेता येते. उताणे झोपल्यावरच त्रास होत असेल, तर कुशीवर झोपण्याची सवय लावता येते. रात्रीचे मद्य आणि सल्ल्यावाचून घेतलेल्या झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात, कारण दोहोंमुळे स्नायू अधिक सैल पडतात. वजनाचे महत्त्व तर विशेष आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील दीर्घकालीन अभ्यासात वजन १० टक्के घटलेल्यांचा श्वासरोधांक सुमारे २६ टक्के घटण्याची अपेक्षा दिसली, तर वजन १० टक्के वाढलेल्यांचा तो सुमारे ३२ टक्के वाढण्याची. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने लठ्ठ व्यक्तींतील मध्यम ते तीव्र श्वासरोधासाठी ‘टिर्झेपॅटाइड’ या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनला मान्यता दिली. फार लठ्ठ रुग्णांच्या बाबतीत घशाच्या शस्त्रक्रियेपेक्षा वजन घटवण्यासाठी जठरावर केलेली शस्त्रक्रिया अधिक विचारात घेण्याजोगी ठरते.

शस्त्रक्रियेने किती लाभ होतो?

टाळू व टॉन्सिलवरील शस्त्रक्रियेच्या जुन्या निष्कर्षांचा एकत्रित आढावा १९९६ साली घेण्यात आला, तेव्हा सरसकट सर्व रुग्णांत यशाचे प्रमाण सुमारे ४० टक्केच भरले. असे का व्हावे, याचा उलगडा पुढे झाला. २००२ साली डॉ. मायकेल फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉन्सिलचा आकार, जिभेची ठेवण आणि वजन यांवरून रुग्णांचे गट पाडले. टॉन्सिल मोठे आणि तोंड उघडताच टाळूचा मागचा भाग नीट दिसतो, अशा गटात सुमारे ८० टक्के रुग्णांना यश आले. टॉन्सिल लहान आणि जिभेने मागचा भाग झाकलेला, अशा गटात ते जेमतेम ८ टक्के होते.

समजा, दोन ग्रामसेवक एकाच दवाखान्यात आले. दोघांचाही श्वासरोधांक ४० आहे. पहिल्याचा बांधा सडपातळ, टॉन्सिल मात्र सुपारीएवढे वाढलेले. दुसऱ्याचे वजन बरेच, मान आखूड, टॉन्सिल दिसतही नाहीत. कागदावर दोघांचा आजार एकच असला, तरी पहिल्याने शस्त्रक्रियेचा विचार लवकर करणे सयुक्तिक आहे. दुसऱ्याने तीच शस्त्रक्रिया करून घेणे म्हणजे बहुधा व्यर्थ वेदना विकत घेणे होय. पहिल्याचा अनुभव ऐकून दुसऱ्याने निर्णय घेतला, तर तो फसतो. गावोगावी नेमके हेच घडत असते.

‘यश’ या शब्दाचाही अर्थ विचारून घ्यावा. वरील अभ्यासांतील मोजमापानुसार श्वासरोधांक निम्म्याने घटून २० च्या खाली आला, की शस्त्रक्रिया यशस्वी गणली जाते. म्हणजे ४० चा अंक १९ झाला, तर डॉक्टरांच्या हिशेबी ते यश. पण १९ हा अजूनही मध्यम विकारच आहे आणि यंत्राची गरज कदाचित संपलेली नाही.

याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा नव्हे. ऑस्ट्रेलियात नेहमीचे उपचार न मानवलेल्या १०२ प्रौढांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टाळूची पुनर्रचना व जिभेच्या मुळावरील उपचार एकत्र करण्यात आले. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचा सरासरी श्वासरोधांक सुमारे ४८ वरून २१ वर आला. इतर उपचार चालू ठेवलेल्यांचा तो ४५ वरून ३४.५ पर्यंतच उतरला. दिवसाची पेंगही पहिल्या गटात स्पष्टपणे कमी झाली. यंत्र खरोखरच सोसत नसलेल्या माणसाला हा मोठाच दिलासा आहे.

दोन्ही जबडे कापून पुढे सरकवण्याची शस्त्रक्रिया याहून परिणामकारक आहे. वर सांगितलेल्या मोजमापाने तिचे यश सुमारे ८५ टक्के असून श्वासरोधांक पाचाच्या खाली येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे. मात्र ती मोठी शस्त्रक्रिया आहे. कित्येक आठवडे पातळ व मऊ आहार घ्यावा लागतो, ओठ व हनुवटीला बधिरता येऊ शकते आणि चेहऱ्याची ठेवण बदलते. जिभेच्या मज्जातंतूला विद्युत्-संवेदना देणारे उपकरण छातीत बसवण्याची पद्धत अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे. निवडक रुग्णांत तिचा परिणाम चांगला असला, तरी खर्च फार मोठा आहे.

धोक्याची बाजू

टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन आठवडे गिळताना तीव्र वेदना होतात. रक्तस्राव, नाकावाटे पाणी येणे, आवाजात वा चवीत फरक पडणे, घशात काही अडकल्यासारखे वाटणे, हे त्रास काहींना होतात. त्यांपैकी काही कायम राहतात. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ३,१३० रुग्णांच्या पाहणीत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण १.५ टक्के, तर ३० दिवसांत मृत्यूचे प्रमाण ०.२ टक्के आढळले. भूल आणि गुंगी आणणारी वेदनाशामके यांमुळे घसा अधिक सैल पडतो. म्हणून पहिल्या रात्री रुग्णावर विशेष लक्ष ठेवण्याची सोय असलेले रुग्णालयच निवडावे. हर्निया, पित्ताशय यांसारखी दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया असली, तरी श्वासरोधाची माहिती भूलतज्ज्ञाला आधी देणे अगत्याचे आहे.

आणखी एक धोका कमी बोलला जातो. टाळू कापल्यावर घोरण्याचा आवाज थांबतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु आवाज थांबला म्हणजे श्वासरोध थांबला, असे नव्हे. पूर्वी निदान आवाजाची सूचना मिळत होती. आता श्वास मूकपणे अडत राहतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा करून घेणे हा उपचाराचाच भाग मानावा.

मुलांची गोष्ट वेगळी

प्रौढांना लागू असलेला नियम मुलांना लावून चालणार नाही. मुलांमध्ये श्वासरोधाचे मुख्य कारण वाढलेले टॉन्सिल व नाकामागील ॲडेनॉइड ग्रंथी हे असते, आणि त्या काढणे हाच बहुधा पहिला उपचार ठरतो. तोंड उघडे टाकून झोपणारे, घोरणारे, झोपेत घामाघूम होणारे, मोठ्या वयात अंथरूण ओले करणारे मूल शाळेत पेंगतेच असे नाही. पुष्कळदा ते अतिचंचल व हट्टी दिसते. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी निर्दोष आली. त्यांच्या वर्तनातही सुधारणा झाली, जरी एकाग्रतेच्या चाचणीत मोठा फरक दिसला नाही. शस्त्रक्रिया न करता केवळ देखरेख ठेवलेल्या मुलांपैकीही ४६ टक्के मुलांची तपासणी निर्दोष आली. तेव्हा विकार सौम्य असल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने थांबणे हाही एक निर्णयच आहे.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर रुग्णाने वा कुटुंबीयांनी पुढील प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत :

१. तपासणीत श्वासरोधांक किती आला आणि झोपेत प्राणवायू किती खाली गेला?

२. अडथळा नेमका कोठे आहे आणि तो कसा ठरवला? (औषधाने झोप आणून दुर्बिणीने घसा पाहण्याची पद्धत यासाठी वापरली जाते.)

३. यंत्राचा योग्य तो प्रयत्न पुरेसे दिवस झाला आहे काय? नसल्यास अडचण कोणती?

४. या रुग्णाच्या घशाची ठेवण व वजन पाहता यशाची शक्यता किती, आणि यश म्हणजे अंक किती होणे?

५. शस्त्रक्रियेनंतरही यंत्र लागले, तर ते वापरण्याची तयारी आहे काय?

६. एकूण खर्च किती, आणि किती दिवस कामावर जाता येणार नाही?

सहाव्या प्रश्नाच्या संदर्भात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. सुचवलेला उपचार योजनेत बसतो किंवा नाही, याची खात्री पैसे भरण्यापूर्वी त्यांच्याकडून करून घ्यावी. कान-नाक-घसा तज्ज्ञाबरोबरच छातीच्या विकारांच्या तज्ज्ञाचेही मत घेणे हिताचे असते. शक्य तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे. या विकाराच्या शस्त्रक्रियेची घाई क्वचितच असते. चार आठवडे विचार केल्याने बहुधा काही बिघडत नाही. मधल्या काळात उपचार मात्र थांबवू नयेत आणि दिवसा पेंग येत असेल, तर वाहन चालवू नये.

सर्वांचा वाटा

या बाबतीत शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना बरेच काही करता येईल. वर्गातील चंचल किंवा पेंगणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याआधी ‘हा रात्री घोरतो का?’ एवढा एक प्रश्न शिक्षकाने पालकांना विचारावा आणि शाळेत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाला तसे कळवावे. श्वासरोध असलेल्या वाहनचालकांत अपघाताचा धोका दुपटीहून अधिक असल्याचे आढळले आहे. म्हणून कार्यालयप्रमुखाने पेंगणाऱ्या चालकाला केवळ ताकीद न देता तपासणीस पाठवावे. ग्रामसभेत वा आरोग्य शिबिरात पंचायत सदस्यांनी हा विषय काढला, तर थट्टेखाली दडलेला आजार उघडा होईल.

निर्णय अखेर रुग्णाचाच असतो. शेजाऱ्याला गुण आला म्हणून शस्त्रक्रिया करून घेणे किंवा दुसऱ्याची फसली म्हणून ती नाकारणे, ही दोन्ही टोके सारखीच चुकीची आहेत. स्वतःचा श्वास कोठे व किती अडतो, हे मोजून, यंत्राला न्याय देऊन आणि यशाचा अर्थ विचारून घेतलेला निर्णय, मग तो होकाराचा असो वा नकाराचा, सहसा पश्चात्तापाची वेळ येऊ देत नाही.